पाच सालचं पाणी

पूर ओसरला की आमच्या गावात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक पंचनामा करायला, दुसरी जनजागृती करायला. पंचनामा करणारा निदान भिंतीकडं बघतो, ओल कुठवर चढलीय ते हात लावून पाहतो. जनजागृतीवाला आमच्या तोंडाकडं बघतो आणि त्याला तिथं अडाणीपणा दिसतो. शाळेच्या वर्गात खुर्च्या मांडल्या जातात, पडद्यावर चित्रं दाखवली जातात, बिस्किटं वाटली जातात, आणि शेवटी ते वाक्य येतंच. "लोकांना धोक्याची जाणीवच नाही. वारंवार सांगूनही लोक घर सोडत नाहीत."

२०१९ पासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते म्हणणारा तोंड उघडायच्या आत मला कळतं. कलेक्टर कचेरीच्या बैठकीत ऐकलं, पुण्याच्या एका संस्थेच्या कार्यशाळेत ऐकलं, एका कंपनीच्या कार्यक्रमात तर टोपी घालून बसून ऐकलं. टोप्या त्यांनीच वाटल्या होत्या. या वाक्याला उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला घेतलंय. कारण पूर आला तेव्हा जी माणसं मेली, जी जनावरं वाहून गेली, त्यातली बरीचशी या वाक्यापायी गेली, असं माझं मत आहे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा येते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. आम्ही त्या संगमाच्या थोडं वरच्या अंगाला. कृष्णा भरून चाललेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही. पाणी थबकतं आणि मागं फुग चढत येते. डोंगरातल्यासारखा लोंढा आमच्याकडं येत नाही. आमचा पूर चोरपावलांनी येतो. संध्याकाळी मळीतल्या उसाच्या बुडात असतो, सकाळी शेंड्याला.

जाणीव नाही म्हणणाऱ्यानं एकदा आषाढात आमच्याकडं मुक्कामाला यावं. रात्री दोन वाजता बॅटऱ्या घेऊन माणसं नदीकडं निघालेली दिसतील. पाण्याच्या कडेला काठी रोवायची, घरी येऊन चहा घ्यायचा, तासाभरानं परत जाऊन काठी किती बुडाली ते बघायचं. आमची आज्जी लिहायवाचायला शिकलेली नव्हती, पण पुराचं सगळं वेळापत्रक तिच्या डोक्यात होतं. मळीतली विहीर बुडाली की ध्यानात ठेवायचं. मसणवटीच्या शेडला पाणी लागलं की धान्याची पोती हलवायची. पिंपळाच्या पाराला पाणी टेकलं की वैरण माळ्यावर, आणि वेशीत आलं की म्हशी माळावर. ती सांगायची, "पार बुडूस्तवर झोपायचं. पार बुडला की झोपायचं न्हाई."

याला जाणीव म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

आता इशारा कसा येतो ते ऐका. राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळी अमुक फूट अमुक इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरीचे सातपैकी इतके स्वयंचलित दरवाजे उघडले, एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग. कोयनेतून एवढा, अलमट्टीतून तेवढा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इतके फूट. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५. हे सगळे आकडे खरे असतात आणि रात्रंदिवस राबून माणसं ते काढत असतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण राजाराम बंधारा कोल्हापूरला कसबा बावड्याजवळ, आणि आम्ही तिथून किती तरी खाली, वर कृष्णेच्या फुगीच्या तोंडाशी. तिथं ४३ फूट झालं म्हणजे आमच्या पाराला किती, हे कोण सांगणार? कृष्णा रिकामी असेल तर ४३ ला आमचा पार कोरडा राहतो. कृष्णा भरलेली असेल तर ४३ च्या आतच वेशीत पाणी. पुरानंतरच्या एका बैठकीत मी हेच विचारलं होतं. साहेब म्हणाले, "ते फार मायक्रो लेव्हलचं झालं." आमचं गाव मायक्रो आहे हे त्या दिवशी कळलं.

म्हणजे दोन भाषा आहेत. एक फुटाची, एक पाराची. फुटाच्या भाषेत बोलणारा म्हणतो, मी इशारा दिला. पाराच्या भाषेत ऐकणारा म्हणतो, मला कुणी काही सांगितलं नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत.

नदीशी आमचं नातं बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं हे मला ठाऊक आहे. वाडीला पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि त्या पाण्यात अंघोळ करायला लांबलांबून माणसं येतात. वेशीत पाणी आलं की आमच्याकडच्या बाया नदीची ओटी भरतात. एका कार्यशाळेत एका बाईंनी याचा फोटो दाखवून विचारलं होतं की, पुराला सण मानणाऱ्यांना पुराची भीती कशी वाटणार? मॅडम, ओटी भरायला बाई पाण्याच्या कडेपर्यंत जाते. पाणी गढूळ किती, वाहतंय की थांबलंय, त्यात वरच्या गावचं काय वाहत आलंय, हे सगळं ती बघून येते आणि घरी येऊन सांगते. भीती आणि माया एकाच घरात नांदतात. कुठल्याही सुनेला विचारा.

आमचं चुकलं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते एकट्या आमचं नव्हे.

२००५ चा पूर आला तेव्हा असं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५३ फूट ९ इंच. पाणी ओसरल्यावर घराघरांनी भिंतीवर रेघ मारली. कुणी गेरूनं, कुणी ऑइलपेंटनं. बाजूला लिहिलं, 'पाच सालचं पाणी'. ती रेघ गावाचं माप झाली. नवं घर बांधणाऱ्यानं जोतं रेघेच्या हातभर वर घेतलं. दुकानदारानं पहिली फळी रेघेच्या वर ठोकली. मुलगी द्यायला आलेला पाहुणा विचारू लागला, "पाच सालाला घरात पाणी हुतं काय?" चौदा वर्षं आम्ही त्या रेघेच्या भरवशावर निवांत झोपलो. रेघ मारली होती आठवण राहावी म्हणून, आणि बघता बघता ती हद्द होऊन बसली. जणू नदीनं त्याखाली सही केली होती.

रॉबर्ट केट्स नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९६२ साली पूरक्षेत्रातल्या लोकांचा अभ्यास करून हेच सांगितलं होतं, की ही माणसं आपल्याच अनुभवाची कैदी असतात. जेवढा पूर पाहिलाय त्यापलीकडचा त्यांच्या डोळ्यांपुढं येत नाही. जनजागृतीवाल्यांना हे फार आवडतं. पण कैदेत आम्हीच होतो काय? आमच्या गावचं निवारा केंद्र म्हणून शाळेची नवी इमारत ठरवलेली होती. का? तर पाच सालाला तिथं पाणी आलं नव्हतं. २०१९ ला त्या निवारा केंद्रातून माणसं बोटीनं काढावी लागली. आमची रेघ भिंतीवर होती, कचेरीची रेघ फाइलीत होती. रेघ एकच. फरक एवढाच की भिंतीवरच्या रेघेला अडाणीपणा म्हणतात आणि फाइलीतल्या रेघेला आराखडा.

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद, कोल्हापुरात पेट्रोल नाही, दूध जाईना, भाजी येईना. चार लाखांहून जास्त माणसं हलवावी लागली. लष्कर आलं, नौदल आलं, एनडीआरएफ आलं. त्यांचे उपकार आहेत, ते मी कधी विसरणार नाही.

त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्या दिवशी दुपारी तालमीतली पोरं बोट घेऊन आमच्या थोरल्या चुलत्यांच्या दारात आली. नाना तेव्हा सत्तरीचे. गोठ्यात चार म्हशी, दोन दुभत्या, एक गाभण, एक रेडी.

"नाना, चला. पाणी चढायलंय अजून."

"म्हशी?"

"जनावरं न्हाई घेता येत. माणसं फक्त."

"मग जावा तुम्ही. काकूला न्ह्या." नानांनी उंबऱ्याजवळची रेघ दाखवली. "पाच सालाला हितवर आलं हुतं. हिच्या वर न्हाई यायचं."

रात्री पाणी रेघेवर गेलं. पहाटे छातीएवढ्या पाण्यात उभं राहून नानांनी विळ्यानं दावी कापली आणि स्वतः माळवदावर चढले. तिसऱ्या प्रहरी त्यांना उतरवून घेतलं. दोन म्हशी पोहत माळाला लागल्या. रेडी तीन दिवसांनी दुसऱ्या गावच्या उसात मेलेली सापडली. गाभण म्हैस सापडलीच नाही.

एका अहवालात नानांचा उल्लेख आहे, नाव न देता. "वारंवार विनंती करूनही स्थलांतरास नकार देणारे वृद्ध." वाचून नाना हसले. म्हणाले, "नकार कुटं दिला? मी तर फकस्त इचारलं, म्हशी कुटं न्ह्यायच्या?"

तो प्रश्न आहे. त्याला तेव्हा उत्तर नव्हतं. नानांचा हिशेब नीट मांडून बघा. पाण्यात बुडून मरण्याची भीती होती, पण ती 'कदाचित' होती. उभ्या आयुष्यात त्यांनी पुरात माणूस मेलेला पाहिला नव्हता. म्हशी बांधून सोडून गेलो तर त्या मरणार, ही खात्री होती. चार म्हशी म्हणजे संस्थेत घातलेल्या दुधाचं दर दहा दिवसांचं बिल. त्यावर घराचा किराणा, नातवाची फी, सोसायटीचा हप्ता. ऊस वर्षा-दीड वर्षानं पैसा देतो. म्हैस दहा दिवसांनी देते. एका बाजूला कदाचित, दुसऱ्या बाजूला खात्री. विमा कंपनीतला शिकलेला माणूस नानांच्या जागी असता तर त्यानंही असाच हिशेब केला असता. नानांना धोका कळत होता. तुम्हाला जो एक धोका दिसत होता, त्याच्याशेजारी नानांना आणखी दोन दिसत होते. म्हशींचा, आणि रिकाम्या घरात शिरणाऱ्या चोरांचा.

पुढं भरपाईचं बघा. दुभत्या जनावराला तेव्हाच्या निकषानं ३० हजार रुपये, एका घराला तीन मोठ्या दुभत्या जनावरांपर्यंत. बाजारात चांगली म्हैस त्याच्या दुप्पट-तिप्पट. तेही मेलेलं जनावर दिसलं तर. वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा कशाचा करायचा, दाव्याचा? नानांनी तुटकं दावं जपून ठेवलं होतं. त्याच ऑगस्टात सरकारचा तो आदेश निघाला होता, घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर मोफत धान्य. त्यावर महाराष्ट्रभर आरडाओरडा झाला तो बरोबरच होता. पण मला त्या आदेशात राग येण्यासारखं दुसरंच दिसलं. धोका कशाला म्हणायचं हे ठरवणारा माणूस कोरड्यात बसलेला असतो. त्याच्या लेखी पूर म्हणजे घरात पाणी. आमच्या लेखी पूर म्हणजे गोठ्यात पाणी.

ज्याला जो धोका दिसतो, तो त्याच धोक्यावरची मदत घेऊन येतो.

पाणी ओसरल्यावर मदतीच्या गाड्यांची रांग लागली. माणुसकीला तोटा नव्हता, हे पहिल्यांदा सांगतो. पण गाड्यांत काय होतं? जुने कपडे. ढिगानं जुने कपडे. रस्त्याच्या कडेला, देवळापुढं, शाळेच्या पटांगणात. आमच्या बायका ते ढीग बघून मान फिरवायच्या. पुरात सगळं गेलं तरी दुसऱ्याचं उतरलेलं लुगडं नेसायची वेळ आली असं कुणाला वाटून घ्यायचं नव्हतं. पाण्याच्या बाटल्या इतक्या, की पुढं महिनाभर नदीकाठी त्यांचाच खच. शहरातल्या माणसानं टीव्हीवर छपरावर बसलेला माणूस पाहिला. त्याला तहान दिसली, उघडं अंग दिसलं. गोठा दिसला नाही, कारण कॅमेरा गोठ्यात गेला नव्हता.

त्या गर्दीत एक गाडी वेगळी होती. माणदेशातून आली होती, वैरणीची. त्या साली गंमत बघा कशी, आम्ही बुडत होतो तेव्हा माण-खटाव, आटपाडीकडं पाऊस नव्हता, चारा छावण्या चालू होत्या. ज्यांच्या स्वतःच्या जनावरांना पुरेसा चारा नाही, त्यांनी वैरण पाठवली. गाडीबरोबर आलेल्या माणसानं उतरल्या उतरल्या विचारलं, "जनावरं किती राहिली?" पंधरा दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. दुष्काळात माणूस दावणीकडं बघून दिवस काढतो. त्याला आमचा धोका सांगावा लागला नाही.

हल्ली सगळ्या कार्यक्रमांत 'भागीदारी' हा शब्द फार असतो. शासन, उद्योग, स्वयंसेवी संस्था आणि लोक यांची भागीदारी. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि २०१९ च्या मे महिन्यात त्या कामांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापनही आलं. चांगलं झालं. पण आमच्याकडं भागीदारीला जुना अर्थ आहे. वाट्यानं शेत करायचं तर पेरणीच्या आधी बांधावर बसून बोलणं होतं. बी कुणाचं, खत कुणाचं, पाणीपट्टी कुणी भरायची, पीक गेलं तर काय. सुगीच्या दिवशी खळ्यावर येऊन "मीपण वाटेकरी" म्हणणाऱ्याला आमच्याकडं वेगळं नाव आहे. ते छापण्यासारखं नाही.

एकोणीसच्या पुरानंतर आमच्या गावाला एक फायबरची बोट मिळाली. कुणी दिली ते लिहीत नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि बोटीवर त्यांचं नाव एवढं मोठं आहे की मी लिहायची गरजही नाही. कार्यक्रम झाला, हार झाले, फोटो झाले. पण इंजिनाची देखभाल कुणी करायची? पेट्रोलचा खर्च कुठल्या खात्यातून? चालवणारा कोण, त्याचा विमा कुणी काढायचा? किल्ली कुणाकडं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कागदावर नव्हतं. दोन पावसाळे बोट ताडपत्रीखाली पडून होती. ग्रामपंचायत म्हणे संस्थेनं बघावं, संस्था म्हणे आम्ही हस्तांतर केलंय. आमच्या जुन्या काहिली यापेक्षा बऱ्या. गुऱ्हाळातली काहील पुरात लोटायची तर तिचा मालक कोण, ती वल्हवायची कुणी, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

बोटीचा विषय निघाला की ब्रह्मनाळ आठवतंच. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुका. गावातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून जास्त माणसं बुडाली, त्यात बायका, पोरं. बोटीत माणसं जास्त झाली होती, असं सगळीकडं छापून आलं. खरंच आहे. पण माणूस भरलेल्या बोटीत का चढतो? ही बोट परत येईल असा भरवसा नसतो तेव्हा चढतो. गावाला चार महिने आधीपासून माहीत असतं की इतक्या बोटी, अशा अशा खेपा, तुझ्या गल्लीची खेप तिसरी, तर आई लेकराला कडेवर घेऊन काठावर थांबली असती. त्या दिवशी माणसांनी पाण्याचा धोका कमी मानला असं मला वाटत नाही. मागं राहण्याचा धोका त्यांना जास्त वाटला.

थोडं आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर ही वकिली होईल. पूर आला की आमच्याकडं सगळ्यांची बोटं अलमट्टीकडं जातात. एकोणीसच्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर ठपका ठेवला नाही; पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं. आमच्याकडं पुष्कळ जणांना ते पटत नाही. धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायचा कर्नाटकाचा बेत आहे, त्यामुळं भीती राहणार आणि त्या प्रश्नाचा पाठपुरावा व्हायलाच हवा. पण अलमट्टी लांब आहे, आणि लांबच्या शत्रूचा एक फायदा असतो, जवळचं काही बघावं लागत नाही. ओढे बुजवणारे आमच्यातलेच. रस्त्याच्या भरावात मोऱ्या पुरेशा नाहीत हे दिसत असताना टेंडरच्या वेळी गप्प बसणारे आमच्यातलेच. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. शहरात त्या रेषा आखायला निघालं की प्लॉटचे भाव पडतात म्हणून मोर्चे निघतात. तिथं कुणी जनजागृती करायला जात नाही. सातबाऱ्यावर कोटीचा भाव लिहिणाऱ्याला धोक्याची जाणीव आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. ते वाक्य फक्त नानांसाठी राखून ठेवलेलं आहे.

मग २०२१ चा जुलै आला. पाऊस तसाच, महामार्ग पुन्हा बंद. पण त्या वेळी आमच्या गावातून २२-२३ जुलैलाच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग माळाकडं निघाली, ट्रॉलीत म्हशी, वर वैरण, त्याच्यावर म्हातारी माणसं. पेपरांनी लिहिलं की लोक शहाणे झाले. माणसं तीच होती. बदललं होतं एवढंच की म्हशी कुठं न्यायच्या याला उत्तर होतं. दूध संस्थेच्या सचिवानं माळावरच्या एका शेतकऱ्याचं मोकळं रान मागून ठेवलं होतं. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी डिझेलवर गाड्या दिल्या. धारा जाग्यावरच निघत होत्या, संस्थेची गाडी कॅन न्यायला येत होती, म्हणजे दहा दिवसांचं बिल चुकणार नव्हतं. नाना पहिल्या ट्रॉलीत होते. त्यांना कुणी धोका समजावून सांगितला नव्हता.

यातलं काहीही कागदावर नव्हतं, आणि तीच माझी काळजी आहे. सचिव बदलला, रानाच्या मालकानं तिथं द्राक्षबाग लावली, की पुन्हा शून्य. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा रान अर्धंच मोकळं मिळालं. कृष्णा-पंचगंगेच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या मदतीनं हजारो कोटींचा प्रकल्प येतोय, पाणी दुष्काळी भागाकडं वळवायचं म्हणतात. येऊ दे. माणदेशाचं आमच्यावर वैरणीचं देणं आहे, ते पाण्यानं फिटलं तर आनंदच. पण तोवर दर आषाढात काय करायचं?

आमच्या तालुक्यात आणि आसपास साखर कारखाने आहेत. त्यांचा हंगाम मार्च-एप्रिलात आटोपतो. पावसाळाभर बैलगाड्यांचा तळ रिकामा, ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची जागा रिकामी, ऊसवाहतुकीच्या गाड्या उभ्या. तळावर पाण्याच्या टाक्या आहेत, दिवे आहेत, राखणदार आहे. हजारभर जनावरं उभी राहतील अशी जागा ज्या महिन्यांत आम्हाला लागते, नेमक्या त्याच महिन्यांत ती मोकळी असते. दूध संघाकडं पशुखाद्य आहे, जनावरांचे डॉक्टर आहेत. पाटबंधारे खात्याकडं आकडे आहेत. तालमींकडं पोहणारी पोरं आहेत, कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारखी शिकवणारी माणसं आहेत, आपदा मित्रांचं प्रशिक्षण झालेलं आहे. सगळं आहे. फक्त पेरणीआधीचं बोलणं नाही. वैशाखात एका सतरंजीवर बसून हे चौघं कधी बोललेले नाहीत. बोलतात ते श्रावणात, कंट्रोल रूमच्या फोनवर, ओरडून.

यंदाच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत आम्ही दोन ठराव केले. एक, गावात पाराला, वेशीत आणि शाळेच्या भिंतीवर फुटाच्या खुणा खात्यानं रंगवून द्याव्यात आणि इशारा देताना गावच्या खुणेतही द्यावा. त्यावर कळवण्यात आलं की अशा कामासाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही. तेव्हा तालमीतल्या पोरांनी वर्गणी काढून पिवळा रंग आणला. एकवीसला आणि चोवीसला त्यांनी एका वहीत रोजची नोंद ठेवली होती. राजाराम बंधारा इतका, वाडीला पाणी इतकं, आणि तेव्हा आपल्या गावात पाणी कुठं. त्या वहीवरून खुणा मारल्या. पाराला तीन, वेशीत दोन. शाळेची भिंत रंगवायला हेडमास्तर परवानगी देईनात, ती राहिली. पाच सालची जुनी रेघ पुसायची का, यावर वाद झाला. नाना म्हणाले, राहू द्या, पण तिच्यावर एकोणीसची मारा आणि एकोणीसच्या वर हातभर कोरी जागा सोडा.

दुसरा ठराव कारखान्याच्या तळाचा. जनावरांसाठी जून ते सप्टेंबर तळ वापरायला द्यावा, पाण्याचा आणि दिव्याचा खर्च दूध संस्था देईल, शेण कारखान्यानं ठेवावं. त्याची एक प्रत तहसीलदारांना, एक दूध संघाला. पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. काल राधानगरीत पाऊस सुरू झाला.